डाव्या कानातला सूर

धुळ्यात माझी ओळख 'गाणी भरून देणाऱ्या बाई' अशी होती आणि मला त्या ओळखीचा मनापासून राग यायचा. गाणी भरणं म्हणजे काय, पोत्यात बाजरी भरावी तसं कोणीही भरून देतं. मी करत होते ते काम वेगळं होतं. पण ते एका वाक्यात सांगता येत नसे, आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक एका वाक्यापेक्षा जास्त थांबत नाही. आता दुकानाचं शटर कायमचं ओढलं आहे, मागे कोणी खोळंबलेलं नाही, तेव्हा सवडीने सांगते.

दुकान मूळचं वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं. बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, मग खिशात मावणारे ते प्लेअर आले. काड्यापेटीएवढी डबी, तिला दोन तारा, दोन कानांत दोन बोंडं. या डबीच्या पोटात एक चिप असते आणि चिपमध्ये कंपनीने लिहिलेला प्रोग्राम. कोणतं बटण दाबलं की काय व्हायचं हे तो प्रोग्राम ठरवतो. कंपनीला वाटलं की माणसाला चालू, बंद, पुढे, मागे एवढंच हवं, तर तेवढंच मिळतं. यंत्राची ताकद मात्र त्याहून बरीच जास्त असते.

जगातल्या काही हौशी लोकांना हे पटलं नाही. त्यांनी आपापल्या घरी बसून, एकमेकांची तोंडंही न पाहता, त्याच डब्यांसाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवर फुकट वाटला. आत काय लिहिलंय तेही उघडं ठेवलं, म्हणजे ज्याला जमेल त्याने त्यात बदल करावा. आमच्या दुकानात त्याचं नाव 'घरचा प्रोग्राम'. कंपनीचा तो खानावळीचा, हा घरचा. जे ताटात हवं ते मागून घ्या.

तो टाकणं म्हणजे मात्र जिवाला घोर. मध्येच वीज गेली तर यंत्राचा दगड होतो. दिसायला धडधाकट, पण चालू होत नाही, बंद होत नाही, चार्ज होत नाही. आणि आमच्याकडची वीज काय, ती पाहुण्यांसारखी येऊन जाऊन असायची. म्हणून इन्व्हर्टरचा हिरवा दिवा बघितल्याशिवाय मी कोणाच्या डबीला हात लावत नसे. "एवढ्याशा खेळण्याला इन्व्हर्टर?" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ बाहेरचा रस्ता दाखवायचे. माझा स्वभाव तसा दुकानदारीला धार्जिणा नाहीच.

या घरच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती ती माझी फार आवडती. यंत्र बोलायचं. तुम्ही बटणाने ज्या फोल्डरवर याल त्याचं नाव ते उच्चारायचं, बॅटरी किती उरली ते सांगायचं. डोळ्यांनी अधू माणसांसाठी सोन्यासारखी सोय. मराठी आवाज काही मिळेना, तेव्हा मीच माइकसमोर बसून सगळे शब्द माझ्या आवाजात भरले. पुढे, मागे, थांबा, भजनं, बातम्या, बॅटरी संपत आली. भडगावचे एक आबा होते, जन्मापासून दृष्टी नाही, प्लेअरवर कीर्तनं ऐकायचे. महिन्याभराने मुलाचा हात धरून आले आणि म्हणाले, "अक्का, तुमचा आवाज जरा गोड करा. बॅटरी संपत आली हे तुम्ही असं सांगता की जशी काही माझीच चूक." मी पुन्हा रेकॉर्डिंग केलं, जमेल तितक्या मायेने. पुढच्या वेळी येऊन म्हणाले, नको, पहिलंच टाका, हे ऐकून आमची मंडळी विचारतात ही कोण.

असे किस्से खूप आहेत. पण मला सांगायचं आहे ते सुकलाल मास्तरांचं.

मास्तर साक्रीकडचे. लग्नाचा बँड. लगीनसराईत लाल कोट आणि टोपी, एरवी शेती. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. काळा, उंच, कमी बोलणारा माणूस. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची अडचण अशी होती की नवं गाणं बाजारात आलं की लग्नात त्याचीच फर्माईश होते, बँडात कागदावरचे स्वर वाचणारा कोणी नाही, म्हणजे ऐकायचं आणि उचलायचं. आजकालची गाणी पळतात फार. टेप हळू केली तर सूरही खाली घसरतो, मग पट्टीच कळत नाही.

मी त्यांच्या प्लेअरवर घरचा प्रोग्राम टाकला आणि एक गाणं निम्म्या वेगाने लावलं. वेग निम्मा झाला, सूर जागचा हलला नाही. मग दोन खुणा करून तेवढाच अवघड तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून दाखवला. मग गाणाऱ्या बाईचा आवाज पुसट करून मागची वाद्यं पुढे आणली. मास्तर काउंटरला हात टेकून ऐकत राहिले. कानातून बोंडं काढली तेव्हा म्हणाले, "ताई, हाई गाणारी बाई ते माले समोर बसाडीसन शिकाडी राहिनी."

इतकी वर्षं काम केलं, इतकी पावती मला दुसऱ्या कोणी दिली नाही. त्या दिवसापासून मास्तर माझे झाले. सराई सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा, एसटीने यायचे. मोबाइल सगळ्यांच्या हातात आले, त्यातही अशा सोयी निघाल्या, तरी मास्तरांनी डबी सोडली नाही. मोबाइलला बघावं लागतं, हिची बटणं बोटांना पाठ आहेत आणि वाजवता वाजवता दाबता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरच होतं.

त्यांनी माझ्याकडून आणखी एक गोष्ट करून घेतली होती. यंत्रात एकच लांब, सरळ सूर भरून घेतला होता, पेटीच्या काळी पाच पट्टीचा. बँडात रीत अशी की सूर मास्तर देणार आणि बाकी सगळे त्यावर आपली वाद्यं लावणार. वरात निघायच्या आधी मास्तर प्लेअरचं एक बोंड डाव्या कानात घालायचे, उजवा कान क्लॅरिनेटसाठी मोकळा. एका कानात यंत्राचा सूर, दुसऱ्यात स्वतःचा, दोन्ही एक होईपर्यंत लावत बसायचे. क्लॅरिनेटला तोंडाशी एक छोटा जोड असतो. तो आत ढकलला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. केसाएवढी हालचाल पुरते. मास्तरांचा सूर लागला की ट्रंपेटवाले, युफोनियमवाले लावून घेणार, आणि मग कोणी ब्र काढायचा नाही.

एका सराईच्या मध्यावरच मास्तरांची डबी दुकानात आली, पण मास्तर नव्हते. बँडातला ढोलवाला भिकन घेऊन आला होता. हा भिकन मिसरूड फुटायच्या आधीपासून मास्तरांच्या बँडात. आता त्याच्याच पोरीचं लग्न ठरायला आलं होतं. त्याने डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "अक्का, मशीन बिघडेल शे असं सांगी द्या."

"आधी बघू तर दे."

"दखू नका. तसंच सांगी द्या."

मी त्याला आत बोलावून बसवलं, चहा मागवला. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. साक्रीजवळच्याच एका गावात वरात होती. कीबोर्डवाला आजारी म्हणून धुळ्याहून एक भाड्याने आणला होता. मास्तरांनी यंत्रावरून सूर घेतला, सगळ्यांनी त्यावर वाद्यं लावली आणि वाजायला लागले, तर कीबोर्ड आणि बँड यांचं जुळेचना. कानाला टोचावं असं वाजत होतं. मास्तर म्हणाले कीबोर्ड उतरलाय, चढव. तो म्हणाला, माझा बरोबर आहे, कीबोर्डचा सूर असा आपोआप हलत नाही. भर रस्त्यात वरात थांबली. त्या पोराने शेवटी सगळ्यांसमोर म्हटलं, "मास्तर, तुमचा कान गेलाय." मास्तर म्हणाले, माझा कान जाईल, मशीन खोटं बोलत नाही. एवढ्यात नवऱ्याच्या मामाने आरडाओरडा केला, बंद करा हे, डीजे बोलवा. डीजे आला. लाल कोटातली बँडवाली माणसं टोप्या काढून रस्त्याच्या कडेला बसली आणि डीजेच्या मागे वरात निघून गेली. घरी गेल्यावर मास्तरांनी तोच सूर पहिल्यांदा दोन्ही कानांत लावून पाहिला.

"आते मास्तर म्हनतस, मशीननी डावी तार चढी जायेल शे," भिकन म्हणाला. "मी दोन्ही तारा मना कानमा घालीसन देख्यात. माले दोन्ही सारख्याच वाटतस."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"बठ्ठासले माहीत शे, अक्का. मागली सराई पासून. पन मास्तरले कोन सांगी?"

मला तेव्हा कळलं की काय चाललं होतं. इतक्या वर्षांत काळी पाच बँडाच्या कानात मुरली होती, मास्तरांनी दिलेला सूर तिच्याहून चढा आहे हे साऱ्यांना ऐकू येत होतं आणि तरी सगळे निमूट त्याच चढ्या सुरावर आपापली वाद्यं लावत होते. सगळा बँड मिळून एकसारखा चुकीचा वाजला तर रस्त्यावरच्या माणसाला काही समजत नाही. आणि रोजचा कीबोर्डवाला घरचाच, तो आपल्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन गुपचूप सूर चढवून घ्यायचा. आदरापोटी अख्खा बँड वर्षभर बेसूर वाजत होता. परका माणूस आला म्हणून उघडं पडलं.

मी डबी कॉम्प्युटरला लावून दोन्ही बाजू मोजल्या. तंतोतंत सारख्या. भिकन माझ्या तोंडाकडे बघत होता. तो मागत होता ते देणं सोपं होतं. मशीन बिघडलं म्हणायचं, दुसरं द्यायचं, मास्तरांची लाज राखली जाईल. पण दुसऱ्या मशीननेही डाव्या कानात तेच ऐकू येणार, आणि पुढची वरात याहून मोठी असली तर? मी भिकनला म्हटलं, मास्तरांनाच पाठव, मी काय ते त्यांच्याशी बोलेन. तो उठला, दारात थांबला आणि म्हणाला, "वाजाडनं बंद करी दिधं तं तो मानूस मरी जाई, अक्का." मग गेला.

मास्तर आले ते धुतलेला पांढरा शर्ट घालून, हातात क्लॅरिनेटची पेटी. लग्नाला निघाल्यासारखे. मी यंत्रात तो काळी पाचचा सूर लावला आणि मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

"कोणती बाजू चढली आहे?"

"डावी."

मी हेडफोन काढले, उलटे केले आणि पुन्हा चढवले. आता डाव्या कानावर उजवी तार होती. "आता?"

मास्तरांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "डावी."

त्यांनी हेडफोन काढून हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. दोन्ही बाजूंच्या खुणा त्यांना ठाऊक होत्या. स्वतःच्या हाताने पुन्हा उलटे घातले. मग दुसरा हेडफोन मागितला. मग तिसरा. मग म्हणाले, रेडिओ लावा. वडिलांच्या वेळचा एक रेडिओ मी काउंटरमागे ठेवला होता, तो लावला. ते आधी डावा कान बोटाने बंद करून ऐकायचे, मग उजवा. बाहेर एसटीच्या हॉर्नचा कालवा चालला होता. मी त्या माणसाला घाई केली नाही. आपल्या हातातलं वाद्य तपासावं तितक्या शांतपणे तो स्वतःला तपासत होता, आणि मला बघवत नव्हतं.

"मशीन बरोबर शे," मास्तर म्हणाले.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षांच्या आवाजाने आतली नस मार खाते, मग एकच सूर दोन कानांत दोन ठिकाणी ऐकू येऊ शकतो. मास्तर वरातीत नेहमी पुढे चालायचे आणि त्यांच्या डाव्या हाताला ताशा असायचा. गेलेलं परत येत नाही, उजवा अजून चांगला आहे, त्याला जपा, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

हे सगळं ऐकून मास्तर पुन्हा माझ्याकडे आले आणि त्यांनी जे मागितलं ते ऐकून खरं सांगते, मला आनंदच झाला. "ताई, डाव्या कानले चढेल ऐकू येस. तं मग मशीनमा डावी तार तेवढी उतारी द्या. दोन्ही कान एक व्हई जातीन."

घरच्या प्रोग्राममध्ये सूर वरखाली करण्याची सोय होतीच, पण ती दोन्ही बाजूंना एकदम लागू व्हायची. फक्त डावी बाजू उतरवायची तर आतला प्रोग्रामच बदलायला हवा. तो उघडा होता. आजवर मी दुसऱ्यांनी शिजवलेलं वाढत आले होते, आता स्वतः चुलीपुढे बसायची वेळ आली. धुळ्याच्या उन्हाळ्यात दुपारी दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. त्या सगळ्या दुपारी मी त्यात घातल्या. जिथे अडले तिथे त्या हौशी लोकांच्या चर्चेच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, एका बँडवाल्याचा कान असा असा झाला आहे. कुठल्या देशातला कोण जाणे, नावाऐवजी नुसती चार अक्षरं लावणारा एक माणूस रोज उत्तर द्यायचा. यंत्राची ताकद तोकडी, मध्येच आवाज तुटायचा, बॅटरी भराभर उतरायची. दोनदा डबीचा दगड झाला आणि दोनदा मी तिला परत उठवलं. शेवटी जमलं. त्या परक्या माणसाने लिहिलं, तुमच्या मास्तरांना माझा नमस्कार सांगा. आनंदाने मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला पेढा दिला. त्याला कशाचा ते कळलं नाही.

मास्तर आले. मी आधी तो नमस्कार सांगितला, मग हेडफोन चढवले. मी डावी बाजू हळूहळू उतरवत गेले आणि एका जागी त्यांनी हात वर केला. डोळे मिटलेलेच होते. चेहरा असा सैल झाला की मी त्यांना ओळखलं नसतं.

"एक व्हई गयात," ते म्हणाले. "ताई, दोन्ही एक व्हई गयात."

मग मी नवं गाणं लावलं, ते त्यांनी पूर्ण ऐकलं. मान डोलवत, गुडघ्यावर, क्लॅरिनेटच्या भोकांवर चालावीत तशी बोटं चालवत. मला स्वतःचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

गाणं संपलं. मास्तरांनी हेडफोन काढून ठेवले, पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि दुकानातच एक लांब सूर लावला. रस्त्यावरची माणसं डोकावायला लागली. मास्तर थांबले. परत तोच सूर लावला. परत थांबले.

"बाहेर तं दोनच शेतस," ते म्हणाले.

मी ते विसरले होते असं नाही. पण त्या दुपारी मला ते विसरायचं होतं. यंत्रातून येईल तेवढंच मी उतरवू शकत होते. त्यांचं स्वतःचं क्लॅरिनेट, ट्रंपेट, घरातली माणसं, गोठ्यातली गाय, सगळं त्या डाव्या कानात चढंच जाणार होतं.

मास्तरांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "काढी टाका, ताई. हाई नवं बठ्ठं काढी टाका."

"राहू द्या ना मास्तर. ऐकायला तरी."

"नको. मशीनले खोटं बोलाले शिकाडू नका. एक तरी खरं बोलनारं ऱ्हाऊ द्या."

मी काढून टाकलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात अवघड काम मी त्यांच्यासमोर पुसलं. वाईट वाटलं. मास्तरांसाठी वाटलं तितकंच स्वतःसाठीही वाटलं, ते लपवत नाही.

मग मी म्हटलं, डाव्या कानात कापूस घाला आणि यापुढे उजव्या कानाने सूर घ्या, तो चांगला आहे. मास्तर माझ्याकडे बघून हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "उजवा बी मनाच शे. डावा फिरना तव्हय माले कोठे समजनं? उद्या हाऊ फिरना तं माले कोन सांगी? अठे तुम्हीन सांगं. रस्तावर कोन सांगी?"

आता गप्प राहणं मला शक्य नव्हतं. "तुमच्या बँडात सगळ्यांना समजतं, मास्तर."

"काय समजस?"

"तुमचा सूर चढलाय ते. तुम्ही सोडून सगळ्यांना ऐकू येतं."

मास्तरांनी हातातलं फडकं घडी करून पेटीत ठेवलं. "बठ्ठासले?"

"सगळ्यांना."

"कवयपासून?"

"मागच्या सराईपासून."

कानाचं ऐकताना तो माणूस हलला नव्हता. हे ऐकून मात्र खुर्चीत बसला. पाण्याचा ग्लास दिला तो हातातच राहिला. ज्या माणसांना त्याने बोट धरून वाद्यं शिकवली, ती सगळी वर्षभर त्याच्या मागे मान खाली घालून चुकीचं वाजवत होती, हे त्याला त्या खुर्चीत बसून पचवायचं होतं. थोड्या वेळाने मास्तर उठले, पेटी घेतली, डबी खिशात टाकली आणि साक्रीच्या गाडीकडे चालू लागले.

त्यानंतर मास्तर आले नाहीत. सराईच्या आधी नाही, नंतरही नाही. मी रोज दाराकडे बघायचे. भिकनचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. कधी वाटायचं, बरं केलं. कधी वाटायचं, मी कोण सांगणारी? दरम्यान डब्याही आटल्या. कंपन्यांनी त्या बनवणं थांबवलं, सुटे भाग मिळेनात, आणि मोबाइलवाल्यांना घरचा प्रोग्राम नको होता. जे येतील ते येऊन म्हणायचे, बाई, स्क्रीनगार्ड आहे का? मी नाही म्हणायचे. चर्चेच्या पानावरचा तो चार अक्षरांचा माणूसही कधीतरी दिसेनासा झाला. मास्तरांना नमस्कार पोचला की नाही हे त्याने विचारलं होतं आणि मी त्याला पोचला म्हणून कळवलं होतं, एवढं समाधान आहे.

दुकान बंद केल्यानंतरची गोष्ट. माझ्या मैत्रिणीच्या भाच्याचं लग्न साक्री तालुक्यात होतं. मंडपाच्या अलीकडे वरात तयार होत होती, नवरदेव घोड्यावर बसला होता, आणि लाल कोट दिसले. मी गर्दीतून पुढे गेले. मास्तरच होते. वाळले होते, पण ताठ. डाव्या कानात कापसाचा मोठा बोळा, कोणालाही दिसेल असा. उजव्या कानात प्लेअरचं बोंड. ते त्यांनी काढलं, खिशात ठेवलं आणि क्लॅरिनेटवर एक लांब सूर लावला. ट्रंपेटवाले वाद्यं खाली धरून उभे होते.

मास्तर वळले. ताशा त्यांच्या डाव्या हाताला नव्हता, पार मागे गेला होता. उजव्या हाताला, अगदी खांद्याजवळ, गळ्यात ढोल अडकवून भिकन उभा होता.

"लागना का?" मास्तरांनी विचारलं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

भिकनला घाम फुटला होता. त्याने एकदा बँडाकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"नही, मास्तर," तो म्हणाला. "चढेल शे."

मास्तरांनी क्लॅरिनेटचा जोड जरासा बाहेर ओढला आणि पुन्हा सूर लावला. "आते?"

"जराखा आखो उतारा."

पलीकडून नवऱ्याकडचे कोणीतरी ओरडले, अहो मास्तर, मुहूर्त टळेल, वाजवा काहीतरी. मास्तरांनी त्यांच्याकडे न बघता नुसता हात वर केला. सगळी वरात त्या हातासाठी थांबली. त्यांनी जोड आणखी केसभर ओढला, सूर लावला आणि भिकनच्या तोंडाकडे बघत राहिले.

भिकन डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने डोळे उघडले. त्याच्या गालांवर पाणी होतं, आणि माझ्याही.

"लागना, मास्तर," भिकन म्हणाला.

ट्रंपेटवाल्यांनी वाद्यं उचलली, त्या सुरावर लावून घेतली आणि वरात निघाली.